तिसाच्या आत

गजभिये सिस्टरांना जाऊन येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील. त्यांच्या मुलीचा रायपूरहून फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये कुणाच्या तरी साखरेचा रिपोर्ट लिहीत बसलो होतो. "आई सकाळी उठलीच नाही," एवढंच ती म्हणाली. सतरा वर्षं सिस्टर आणि मी एकाच दवाखान्यात काम केलं. त्या वॉर्डात, मी लॅबमध्ये. तरी फोन ठेवल्यावर डोळ्यांपुढं आल्या त्या मैदानावरच्या सिस्टर. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात ड्यूटीचेच पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि समोर पडलेल्या चेंडूकडं अशी नजर, जशी गोळी तोंडात धरून ठेवणाऱ्या पेशंटकडं असायची.

बालाघाटात गोल्फ म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. आम्हीही हसायचो. पण बैहर रस्त्याला, शहर संपतं तिथं, एका फार जुन्या बंद पडलेल्या खाणीच्या साहेबांनी कधीकाळी केलेलं एक मैदान आहे. साहेब गेले, खाण गेली, मैदान राहिलं. पूर्वी नऊ होल होते म्हणतात; तीन झुडपांनी खाल्ले, सहा उरले. पावसाळा सोडला तर हिरवं गवत औषधालाही मिळत नाही. म्हणून होलच्या भोवती हिरवळीच्या जागी वाळूत जळकं ऑइल कालवून केलेला एक काळा गोल असतो. त्याला सगळे 'ब्राऊन' म्हणतात. खेळून झालं की लाकडी फळी ओढून तो सारखा करायचा. हे काम सुखलाल माळ्याचं. सुखलाल बैहरकडचा, बोलायला कंजूस. मैदानावर चरणाऱ्या गाई हाकलणं हेही त्याचंच काम होतं आणि ते तो मनापासून करत नसे.

मी तिथं पोचलो तो माझ्याच रिपोर्टमुळं. लोकांची साखर तपासता तपासता एकदा सहज स्वतःची तपासली आणि तीही वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. नुसतं चालायचा मला कंटाळा. मग पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले त्रिपाठी साहेब मला ओढून मैदानावर घेऊन गेले. त्यांना सकाळी सोबत हवी होती आणि त्यांच्यापेक्षा वाईट खेळणारा कुणीतरी हवा होता. दोन्ही गरजा मी भागवल्या.

सिस्टर आल्या त्या सुई घेऊन. त्रिपाठी साहेबांना दिवसाआड विटामिनची दहा इंजेक्शनं लिहून दिली होती आणि सकाळचा खेळ सोडून दवाखान्यात यायला ते तयार नव्हते. सिस्टरांचं घर त्याच रस्त्याला. ड्यूटीवर जाण्याआधी त्या सायकल घेऊन मैदानात यायच्या, साहेबांना तिथल्या सिमेंटच्या बाकावर बसवायच्या, दंडाला टोचायच्या आणि जायच्या. खेळाकडं ढुंकूनही बघायच्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "विलासभाऊ, इतके शिकले-सवरलेले लोक, आन् सकाऊन सकाऊन झुडपात काय शोधून राह्यले तुम्ही?"

चौथ्या की पाचव्या इंजेक्शनाच्या दिवशी साहेबांनी दंड चोळत आपली सात नंबरची काठी त्यांच्यापुढं धरली. "सिस्टर जी, एक मारकर देखिए."

"मले कुठं येते जी."

"हमें भी कहाँ आता है."

सिस्टरांनी पिशवी बाकावर ठेवली. काठी घेतली, जशी धान झोडपायला घ्यावी तशी. काहीएक विचार न करता फिरवली. एक आवाज आला, कोरडा, स्वच्छ, 'टक्'. चेंडू उठला, वर गेला, मोहाच्या झाडाच्या शेंड्यावरून पलीकडं गेला आणि पहिल्या ब्राऊनच्या अलीकडं जाऊन पडला. त्रिपाठी साहेब बारा वर्षं खेळत होते. त्यांचा चेंडू त्या झाडावरून कधी गेला नव्हता.

सिस्टर काठीकडं बघत राहिल्या. मग स्वतःच्या हातांकडं. "काहीच लागलं नाही हाताले," त्या म्हणाल्या. "जसं काही मारलंच नाही."

त्या एका फटक्यानं त्यांचा घात केला. पुढची चार वर्षं त्या तोच फटका शोधत होत्या.

दहा इंजेक्शनं संपली, सिस्टर यायच्या थांबल्या नाहीत. साहेबांनी सात नंबरची काठी आणि एक जुना पटर, म्हणजे होलाजवळ चेंडू हलकेच ढकलायची काठी, त्यांना वापरायला दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच जागेवरून चौदा चेंडू मारले. त्यातले नऊ जागचे हलले नाहीत, चार उजवीकडं बेशरमच्या झुडपात गेले आणि एक मागं. चेंडू मागं कसा गेला हे मी आजही सांगू शकत नाही. सहा होलांची पहिली पूर्ण फेरी त्यांनी केली तेव्हा एकसष्ट फटके झाले. चांगल्या खेळाडूला चोवीस लागतात. साहेब दिलदारपणे म्हणाले की सुरुवातीला हवेत गेलेले फटके मोजायचे नसतात.

"काहून नाही मोजायचे?" सिस्टर म्हणाल्या. "सुई टोचली आन् शीर नाही लागली, तर टोचलं का नाही टोचलं? लिहा एकसष्ट."

हा त्यांचा स्वभाव. वॉर्डातही पेशंटच्या चार्टवर त्या जे झालं तेच लिहायच्या. एखादा डोस अर्ध्या तासानं उशिरा दिला तर उशिरा दिला असंच लिहायच्या, मग राउंडला डॉक्टर काही का म्हणेनात. मैदानावर चेंडू झुडपात गेला की आम्ही दोघं पायानं हळूच जरा बरा करून घ्यायचो. सिस्टर तिथं काटे बाजूला न करता उभ्या राहून तीन तीन फटके मारायच्या आणि तीनही मोठ्यानं मोजायच्या. त्यांच्यासोबत खेळायला लागल्यापासून माझा आकडा वाढला, कारण मलाही खरं मोजावं लागलं.

माणसांशी त्या माणसागणिक बोलायच्या. साहेबांशी हिंदीत, माझ्याशी आमच्या मराठीत, सुखलालशी दोन्हीची मिसळ. चेंडूशी मात्र फक्त मराठीत. उजवीकडं वळायला लागला की "कुठं चालला रे पोट्ट्या, इकडं ये, इकडं," असं अगदी समजुतीनं म्हणायच्या. तो ऐकत नसे. मग त्या केसातली एक पिन काढायच्या, दातात धरायच्या, पुन्हा तिथंच खोचायच्या आणि चालू लागायच्या. वाईट फटक्यावर त्यांची एवढीच प्रतिक्रिया. काठीला, जमिनीला, उन्हाला त्यांनी कधी दोष दिला नाही.

पण आतून त्या जळत होत्या. वर्षभरात त्या अठ्ठेचाळीसवर आल्या, मग चव्वेचाळीसवर, आणि तिथं गाडी रुतली. ज्यानं त्यानं सल्ला दिला. साहेब म्हणाले, सिर नीचे रखिए. त्यांनी डोकं इतकं खाली ठेवलं की चेंडू कुठं गेला हे आम्हाला सांगावं लागायचं. कुणी म्हणालं गुडघे वाकवा, कुणी म्हणालं खांदा फिरवा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्या मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघायच्या आणि मागच्या अंगणात, जुन्या मच्छरदाणीचा पडदा दोरीवर टांगून, त्यात चेंडू मारायच्या. खिडकीतून पेशंट बघायचे. एका म्हातारीनं मला विचारलं, सिस्टरबाई रोज मच्छरदाणी झोडपते का, ढेकणं झाले का काय.

एका डिसेंबरात तर त्यांनी खेळ सोडला. त्या दिवशी पन्नास झाले होते, दीड वर्षानंतर पन्नास. शेवटच्या ब्राऊनवरून त्या सरळ साहेबांकडं गेल्या आणि दोन्ही काठ्या त्यांच्या हातात दिल्या. "साहब, ये रख लीजिए. जिसको आता है उसको दीजिए." सिस्टर सायकलवर बसून गेल्या.

अकरा दिवस त्या आल्या नाहीत. मी दवाखान्यात विषय काढला नाही, त्यांनीही नाही. बाराव्या दिवशी मी वॉर्डात एका तापाच्या पेशंटचं रक्त घ्यायला गेलो होतो. शेजारच्या खाटेवर सिस्टर एका नव्या नर्स मुलीला लहान बाळाची शीर कशी घ्यायची ते शिकवत होत्या. मुलगी घाबरलेली, तिनं सुई आवळून धरली होती.

"घट्ट काहून धरून राह्यली?" सिस्टर तिला म्हणाल्या. "गळा दाबायचा आहे का कोणाचा? घट्ट धरलं का हात आखडते. सुई पडणार नाही एवढीच धर. बाकी ती जाते आपल्यानं." मग स्वतः तिच्या हातावर हात ठेवला. "श्वास सोड. हां. आता."

सुई गेली. बाळ किंचित कुरकुरलं आणि थांबलं. सिस्टर मात्र तशाच वाकून उभ्या राहिल्या. मुलीनं विचारलं, "क्या हुआ सिस्टर?" त्यांनी ट्रे तिच्या हातात दिला. पाच मिनिटांनी लॅबच्या दारात आल्या.

"विलासभाऊ, मी ते काठी कशी धरते?"

"कशी म्हणजे?"

"घट्ट धरते ना? पाह्यलं असंल तुम्ही."

मी म्हटलं, "हौ. बोटं पांढरी पडतात."

"आन् दोन वर्षांत सांगितलं नाही." एवढं बोलून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानावर होत्या. साहेबांनी काठी पुढं केली. सिस्टरांनी ती घेतली, सुई धरावी तशी, पडणार नाही एवढीच. उभ्या राहिल्या, पुटपुटल्या, "श्वास सोड," आणि मारलं. चेंडू फार लांब गेला नाही. पण सरळ गेला, अगदी रेघ मारल्यासारखा. त्यांनी दुसरा मारला. तोही सरळ. तिसऱ्याला उजवीकडं गेला तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "हा घट्ट धरला होता." तीस वर्षं जी गोष्ट त्या दुसऱ्यांना शिकवत होत्या ती त्यांना स्वतःला सापडायला दोन वर्षं लागली, याचं त्यांना दिवसभर हसू येत होतं.

त्यानंतर आकडा उतरू लागला. चाळीस, अडतीस, छत्तीस. एकदा तेहतीस. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की तिसाच्या आत यायचं. साहेबांचा स्वतःचा चांगल्यात चांगला आकडा एकतीस होता, म्हणून ते जरा खाकरले.

याच सुमारास ते सभासदत्वाचं प्रकरण झालं. मैदान चालवणारी एक छोटी कमिटी होती, तीत शहरातले पाच-सात जण, बहुतेक साहेब लोक. वर्षाकाठी ते आपसात एक सामना भरवायचे. सिस्टर अडीच वर्षं तिथं रोज खेळत होत्या, पण कुणाच्या तरी पाहुण्या म्हणून. सामन्याला सभासदत्व हवं. बायकांसाठी फॉर्म वेगळा होता. सभासदांच्या पत्नी, मुली यांच्यासाठी. त्यात एक रकाना: सभासदाशी नातं. सिस्टरांचे मिस्टर, शाळामास्तर, मुलगी लहान असतानाच गेले होते. सिस्टरांनी माझ्या टेबलावर बसून फॉर्म भरला. त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'स्वयं'.

कमिटीतल्या एका गृहस्थांना ते रुचलं नाही. फॉर्म परत आला. मग सिस्टर स्वतः बैठकीला गेल्या. मी आणि साहेब सोबत होतो, म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं. ते गृहस्थ म्हणाले की मैदान अधिकारी दर्जाच्या लोकांसाठी आहे, उद्या कोण कोण येईल, काही मर्यादा हवी. कोण कोण म्हणजे कोण, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. वारासिवनीकडच्या खेड्यातलं आमचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, असं सिस्टर नेहमी सांगायच्या आणि कधी लपवायच्या नाहीत.

सिस्टर उभ्याच होत्या. शांतपणे हिंदीत म्हणाल्या, "सर, आपकी माताजी को लकवा हुआ था, तब चार महीने मैं घर आती थी. तब आपने दर्जा नहीं पूछा. मैंने भी नहीं पूछा." मग थोडं थांबून, "मेरा फॉर्म पूरा भरा है. उसमें गलती हो तो बताइए, मैं सुधार दूँगी."

कुणी गलती दाखवू शकलं नाही. साहेबांनी हात वर केला, मग आणखी एकानं, मग दोघांनी. ते गृहस्थ शेवटपर्यंत हात खाली ठेवून होते, पण पुढच्या आठवड्यात मैदानावर त्यांनी सिस्टरांना नमस्कार केला, सिस्टरांनीही केला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, सिस्टर, चांगलं सुनावलं. त्या म्हणाल्या, "सुनावलं कुठं जी. त्याची माय लई चांगली होती. मले तिची आठवण आली." त्या सामन्यात त्यांनी एकोणचाळीस केले आणि शेवटून दुसऱ्या आल्या. शेवटचा मी होतो.

मग हात हलायला लागला.

पहिल्यांदा मी पाहिलं ते तिसऱ्या ब्राऊनवर. चेंडू होलपासून दोन हातांवर. सिस्टर पटर चेंडूमागं धरून उभ्या होत्या आणि पटरचं तोंड बारीक थरथरत होतं. वाळूवर त्याची अस्पष्ट खूण उमटत होती. मला वाटलं थंडी आहे. तेवढ्यात पटर चेंडूला लागला आणि चेंडू बोटभर सरकला. "एक," सिस्टर म्हणाल्या. मारायचं मनात नव्हतं, तरी मोजला.

दोन-तीन आठवडे असंच. मोठा फटका मारताना काही दिसत नसे. ब्राऊनवर उभ्या राहिल्या की हात हलायचा. एका सकाळी खेळ झाल्यावर बाकावर बसून त्यांनी उजवा हात माझ्यापुढं सरळ धरला. "पाहा बरं. खरं सांगा."

मी पाहिलं. "हलतो थोडा."

"माह्या बाबाले होता. पन्नाशीनंतर आला. त्याइचा तर चमचा तोंडात जात नव्हता." हात खाली घेतला. "दवाखान्यात अजून कोणाले समजलं नाही. मलेही तिथं समजलं नसतं. कामात माणूस हात पाहते कुठं. इथं पाह्यला."

त्याच दिवशी त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मी रिपोर्ट घेऊन दाराशी होतो. त्या सांगत होत्या की आजपासून लहान लेकरांच्या शिरा त्या घेणार नाहीत. डॉक्टर त्यांना फार मानायचे. म्हणाले, "सिस्टर, अजून तुमच्याइतका हात या दवाखान्यात कुणाचा नाही. इतक्यात काय घाई आहे?"

"घाई नाही सर. पण मैदानात हात चुकला तर माहा एक फटका वाढते. इथं लेकराले दुसऱ्यांदा टोचावं लागते."

डॉक्टरांनी त्यांना नागपूरला पाठवलं. तिथं सांगितलं की हा घराण्यातून येणारा कंप आहे, जिवाला धोका नाही, गोळीनं थोडा कमी होईल, जाणार नाही. परत आल्यावर त्या दवाखान्यात मुलींना शिकवण्याच्या कामाला लागल्या. काम चोख करायच्या. पण एखादं बाळ रडलं की वॉर्डाच्या दारापर्यंत यायच्या आणि तिथंच थांबायच्या. तेव्हा त्यांच्याकडं बघवत नसे. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातांना काम नव्हतं.

मला वाटलं आता खेळही सुटेल. साहेबांनाही तसंच वाटलं. सिस्टर मात्र आधीपेक्षा लवकर यायला लागल्या. सुखलाल फळी ओढून ब्राऊन सारखा करायचा आणि त्या एकट्या तिथं पटर घेऊन उभ्या असायच्या. डाव्या हातानं बघितलं. काठी कोपराला टेकवून बघितलं. डोळे मिटूनही बघितलं. एक दिवस सुखलाल, जो कधी बोलत नसे, फळीवर हात टेकून म्हणाला, "बाई, रुकती काहे को हो? रुकती हो तब हिलता है."

सिस्टरांनी त्याच्याकडं पाहिलं. मग दहा पावलं मागं गेल्या, चालत आल्या आणि चेंडूपाशी न थांबता, चालता चालता मारल्यासारखा मारला. चेंडू होलमध्ये गेला. पुन्हा केला. पुन्हा गेला.

तेव्हापासून त्यांची तीच रीत. दुरूनच बघून घ्यायचं, चालत यायचं, पटर टेकवायचा आणि लगेच मारायचं. बघणाऱ्याला वाटे की या बाईला गाडी पकडायची आहे. पण पूर्वी त्या एकेका ब्राऊनवर तीन तीन फटके घालवायच्या, ते आता दोन झाले. हात बिघडला आणि खेळ सुधारला. साहेब म्हणाले, हा हिशेब माझ्या इंजिनिअरिंगमध्ये बसत नाही.

तो एकोणतीसचा दिवस अगदी साधा होता. फेब्रुवारीतला मंगळवार. साहेब मुलाकडं जबलपूरला गेलेले. मैदानावर आम्ही दोघं आणि पाच-सहा गाई. पहिल्या होलला त्यांना पाच लागले, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच, चौथ्याला सहा. पाचव्याला चार. मी मनात बेरीज केली. चोवीस. शेवटचा होल पाचात झाला तर एकोणतीस.

"सांगू नका," सिस्टर म्हणाल्या. म्हणजे त्यांनीही बेरीज केली होती.

पहिला फटका उजवीकडं गेला, बेशरमच्या काठाला. मी गेलो आणि बघितलं. पान बाजूला केलं असतं तर सोपं झालं असतं. मी हात लावला नाही. सिस्टरांनी झुडपात पाय रोवून तो बाहेर काढला. दोन. तिसरा ब्राऊनच्या कडेला जाऊन थांबला. सिस्टर लांब थांबल्या. पदर पुन्हा खोचला. मग चालत आल्या आणि मारला. चेंडू काळ्या वाळूवरून घरंगळत गेला आणि होलपासून वीतभर अलीकडं थांबला. चार.

एक वीत. सिस्टर पुन्हा मागं गेल्या, इतक्याशा अंतरासाठी पूर्ण दहा पावलं. चालत आल्या. मारला. आत.

त्यांनी वाकून होलातून चेंडू काढला, पदराला पुसला आणि बाकावर जाऊन बसल्या. मी शेजारी बसलो. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "विलासभाऊ, आता काय करू?"

"म्हणजे?"

"दीड वर्ष रोज झोपताना हाच आकडा डोक्यात होता. आता झोपताना काय पाहू?"

मी उठलो. म्हटलं, चहा घेऊ. रस्त्यावरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. त्यांच्या हातातला ग्लास हलत होता, थोडा सांडला. त्यांनी मला बजावलं की साहेब आले तरी सांगायचं नाही. का, विचारलं तर म्हणाल्या, "एकतीस त्याइचा आहे. राहू द्या त्याइच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा खेळलो. सिस्टरांनी एक्केचाळीस केले. पहिल्याच होलला आठ. चेंडू कालच्याच झुडपात दोनदा गेला, एकदा गाईच्या पायात. शेवटचा चेंडू आत टाकल्यावर मी भीत भीत आकडा सांगितला. सिस्टर हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मंग कालची बाई कोण होती जी?" म्हणाल्या. "चला, बरं झालं. उद्या येता ना?"

मी पाहिलेला त्यांचा सगळ्यात आनंदी दिवस तो, एक्केचाळीसचा.

निवृत्तीनंतर त्या वारासिवनीकडच्या आपल्या गावी भावाच्या घराशेजारी राहायला गेल्या. साहेबांनी सात नंबरची काठी आणि पटर त्यांना कायमचे दिले. मैदानावर त्यांच्याशिवाय मला करमेना, आणि माझा आकडा परत कमी झाला, कारण पुन्हा आम्ही दोघंच मोजणारे उरलो.

नंतरच्या डिसेंबरात मी त्या बाजूला एका लग्नाला गेलो आणि वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. धान कापून झालं होतं, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या पडल्या होत्या. सिस्टर घरी नव्हत्या. त्यांच्या वहिनी म्हणाल्या, "वावरात आहे, त्याइचं तुम्हाले माहीतच आहे." मी गेलो. कापलेल्या धानाच्या खुंटांमध्ये त्या उभ्या होत्या, पांढऱ्या साडीऐवजी निळ्या साडीत, बारीक झालेल्या. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, बांधावरून पलीकडं, असे त्यांनी चार होल केले होते. प्रत्येकात एक पत्र्याचा डबा पुरलेला. हात बराच हलत होता. मला बघून म्हणाल्या, "या विलासभाऊ. आधी मारा, मंग बोलू."

मी मारला. वाकडा गेला. "कंबर आखडली तुमची. साखर किती आहे?" मी आकडा सांगितला. त्या रागावल्या. मग तासभर आम्ही खेळलो. खुंटांत चेंडू सारखा हरवत होता. शेजारच्या वावरातली एक बाई विळा कमरेला लावून आमच्याबरोबर शोधायला यायची. सिस्टरांनी तिलाही मारायला शिकवलं होतं. मी विचारलं, आता कितीच्या आत यायचं ठरवलंय? त्या म्हणाल्या, इथं आकडा नाही धरत, चेंडू सापडला तरी पुरे होते.

ऊन चढलं तसा मी निघालो. त्यांनी वावरातूनच निरोप दिला, कारण चेंडू पुन्हा हरवला होता. मी रस्त्यावर आलो, गाडी काढली आणि मागं वळून पाहिलं. त्या मोठ्या मोकळ्या वावरात दोन बायका वाकून, एकीपासून दुसरी थोड्या अंतरावर, खुंटं चाचपत हळूहळू पुढं सरकत होत्या. इतक्यात सिस्टर सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात उंच केला. मला वाटलं, मला निरोप देतायत. मीही हात हलवला. पण त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांना चेंडू सापडला होता, आणि तो त्या दुसऱ्या बाईला दाखवत होत्या.